चैत्रातला एक दिवस घरासाठी



गहू-हरभरा घरात आला, ज्वारीची खळी उरकली, कडब्याची गंजी रचून झाली, की शेतकऱ्याला चार दिवस अंमळ उसंत मिळते. पाडव्याला सालगड्याचे साल सरते, नवी बोली होते. नांगरट राहिलेली असते, पण ती दोन-चार दिवस मागेपुढे झाली तरी बिघडत नाही. ज्यांचा ऊस उभा आहे किंवा उन्हाळी भुईमूग आहे त्यांना पाण्याच्या पाळ्या चुकत नाहीत हे खरे. तरी खरिपाच्या धांदलीपुढे हे दिवस निवांतच म्हणायचे.

या सदरात एरवी आपण बियाणे, खते, कीड-रोग यांविषयी बोलतो. या खेपेला मी फवारणीचे प्रमाण सांगणार नाही. या खेपेचा सल्ला एवढाच आहे, की येत्या पंधरा-वीस दिवसांत एक दिवस काढा आणि घरातली सगळी माणसे घेऊन वसंत पाहायला बाहेर पडा. सगळी म्हणजे सगळी. म्हातारी आई, घरची लक्ष्मी, सुना, शाळकरी पोरे आणि तुम्ही स्वतःही.

रानात राहून रान दिसत नाही

आता तुम्ही म्हणाल, "साहेब, आम्ही बारा महिने रानातच असतो. झाडे बघायला शहरातल्या माणसाने जावे, आम्ही कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण जरा आठवून सांगा, तुमच्या बांधावरचा पळस यंदा कोणत्या आठवड्यात फुलला? त्यावर कोणकोणती पाखरे येऊन गेली? बहुतेकांना सांगता येणार नाही. यात कुणाचा दोष नाही. रानात गेलो की आपली नजर पिकावर असते, तणावर असते, मोटार चालू आहे की वीज गेली याकडे असते. पळसाखालून आपण रोज जातो, पण पळसाकडे बघत नाही. त्यासाठी हातात खुरपे नसलेला एक दिवस लागतो.

पंचांगात चैत्र-वैशाख हे वसंताचे महिने. आपल्या देशावरच्या रानात मात्र त्याची चाहूल माघातच लागते. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर ही तिन्ही झाडे पाने टाकून देतात आणि नुसत्या काटक्यांवर लाल-केशरी फुले घेऊन उभी राहतात. पाणी आटत चालले असताना फुलण्याची ही उलटी रीत का, असा प्रश्न पोरे विचारतात. त्याचे उत्तर असे आहे. पानांतून पाणी उडते, म्हणून कोरड्या दिवसांत ही झाडे पाने गाळून पाण्याची बचत करतात. पाने नसली की फुले लांबून दिसतात, आणि या झाडांना पाखरांची गरज असते. पळसाच्या फुलात, सावरीच्या लाल पेल्यात मध असतो. तो प्यायला मैना, बुलबुल, कोतवाल, इवलेसे शिंजीर असे सगळे येतात आणि जाताना या झाडाचे पराग त्या झाडाला नेऊन देतात. पुढे वैशाख-ज्येष्ठात शेंगा नि बोंडे वाळतात, वाऱ्यावर उडतात, आणि बी जमिनीवर पडते तोवर पाऊस दाराशी आलेला असतो. आपण पेरणीचा वाफसा साधतो, तसे झाडही आपला वाफसा साधते.

भोरड्या तुम्हाला माहीत आहेत. ज्वारी दाण्यात आली की थव्याने उतरतात आणि आपण गोफण घेऊन माचावर चढतो. हीच पाखरे फाल्गुनात पळस-सावरीवर मध पिताना दिसतात. अंगावर फिकट गुलाबी रंग, डोके नि पंख काळे. ही मध्य आशियातून हिवाळ्याला येणारी पाहुणी. चैत्रात ती परत फिरतात आणि तिकडे पिलांना टोळ आणि नाकतोडे भरवतात. इकडे आपल्या ज्वारीवर ताव मारणारे पाखरू तिकडच्या शेतकऱ्याचे टोळ वेचते. हे एकदा कळले म्हणजे त्यांच्याकडे बघण्याची नजर बदलते.

पाडव्याच्या सुमाराला लिंबाला बारीक पांढरा मोहोर येतो, करंजाला पोपटी पालवी फुटते, पिंपळाची नवी पाने तांब्यासारखी चमकतात. घाटाकडच्या आणि विदर्भातल्या रानात कुसुंब दिसला तर मुद्दाम थांबून बघा. त्याची पालवी इतकी लालभडक, की लांबून झाड फुलले आहे असेच वाटते. कोवळ्या पानात हिरवा रंग पुरता भरलेला नसतो, तोवर हा लाल रंग त्याला उन्हापासून जपतो. पुढे वैशाखाकडे बहाव्याचे पिवळे झुंबर लटकू लागतात आणि ओढ्या-नद्यांच्या काठी ताम्हण जांभळा होतो. ताम्हण हे आपल्या राज्याचे फूल आहे, हे पोरांना पुस्तकात शिकवतात. झाडावर दाखवणे आपले काम.

घरच्या लक्ष्मीची सहल

माझ्या नोकरीत मी शेतकऱ्यांच्या पुष्कळ अभ्यास सहली नेल्या. कुणाला ठिबक दाखवले, कुणाला द्राक्षबाग, कुणाला कृषी विद्यापीठातली शिवारफेरी. गाडीत बसलेली माणसे बहुतेक पुरुषच. एकदा एका गावात बचत गटाच्या बैठकीत मी विचारले, "तुमच्यापैकी कोण कोण नुसते बघायला म्हणून कुठे गेले आहे?" सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. मग एक भगिनी म्हणाल्या, "साहेब, आमचं जाणं तीन ठिकाणी. माहेरला, दवाखान्यात आणि मयतीला." पुन्हा सगळ्या हसल्या, पण मला काही हसू आले नाही.

कापूस वेचण्यापासून खुरपणीपर्यंत आणि धारा काढण्यापासून शेण काढण्यापर्यंत शेतातले निम्म्याहून अधिक काम बायका करतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यांच्या वाट्याला मोकळा दिवस का येत नाही, याचे कारण प्रत्येक घरी एकच सांगतात: जनावरे. गाई-म्हशींना रविवार नसतो. सकाळ-संध्याकाळ धार काढावीच लागते, वैरण-पाणी करावे लागते. घराला कुलूप घालून सगळ्यांनी निघावे कसे?

याचे उत्तर आपल्या जुन्या माणसांनी आधीच शोधून ठेवले आहे. त्याचे नाव सावड. आज माझ्या कापणीला तू ये, उद्या तुझ्या कापणीला मी येतो. नांगरटीला आपण अशीच सावड करत आलो. मग सहलीला का करू नये? शेजारची दोन घरे ठरवतील, तर एका रविवारी एक घर बाहेर पडेल आणि दुसरे घर त्याच्या धारा काढील, वैरण टाकील. पुढच्या रविवारी उलट. दोन्ही घरच्या बायकांनी आदल्या दिवशी एकमेकींच्या गोठ्यात जाऊन जनावरांना ओळख करून द्यावी. अनोळखी हाताला म्हैस पान्हा चोरते, हे ध्यानात असू द्या. ओढाळ किंवा मारके जनावर असेल तर त्याची कल्पना आधीच द्यावी.

खर्चाचे म्हणाल, तर तोही फार नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मे तिकीट झाले, आणि त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास सुरू झाला. सासूबाईंचा वयाचा दाखला पिशवीत असला म्हणजे झाले. शिदोरी घरची. दुधात भिजवलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ राहतात. शेंगदाण्याची चटणी, कांदा, कैरीची फोड, सोबत गुळाचे पन्हे. झाडाखाली बसून खाल्लेल्या भाकरीची चव हॉटेलात पैसे मोजूनही मिळत नाही. मात्र एक पथ्य पाळा. त्या दिवशीची शिदोरी बायकांनी पहाटे तीनला उठून करायची आणि पुरुषांनी आयती खायची, असे होऊ देऊ नका. निदान कांदे चिरायला आणि पाण्याच्या कळश्या भरायला हात लावा.

जायचे कुठे?

चैत्रात घराबाहेर पडणे आपल्याला नवे नाही. शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाच्या कावडी मुंगी घाटाने चढतात त्या चैत्रातच, आणि ज्योतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात त्या चैत्री पौर्णिमेला. पूर्वी माणसे बैलगाड्या जुंपून निघत, वाटेत मुक्काम करत, आमराईत चुली पेटवत. देवदर्शन तर व्हायचेच, पण वाटेवरचे रान, डोंगर, दुसऱ्याची पिकेही नजरेखालून जायची. आता मोटारीने दोन तासांत जाऊन येतो. दर्शन होते, वाट हरवते. म्हणून यात्रेला जात असाल, तर जाता-येता दोन ठिकाणी थांबा. तीच तुमची वसंताची सहल.

एक उदाहरण देतो. पुणे-सोलापूर रस्त्यावर, पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर भिगवण आहे. रेल्वेचे स्टेशनही आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि त्याचा फुगवटा इथवर पसरला. उन्हाळ्याकडे पाणी उतरू लागले, की काठचा चिखल उघडा पडतो आणि कुंभारगाव, डिकसळ या भागात रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात. उंच काटकुळे पाय, लांब मान, पांढऱ्या अंगावर गुलाबी झाक. चोच उलटी करून चिखलपाणी गाळतात आणि त्यातले बारीक जीव नि शेवाळ खातात. त्यांचा गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो. पिलू असताना ते मळकट करडे असतात. तिथले मच्छीमार बांधव बोटीतून पक्षी दाखवतात आणि त्यावर कितीतरी घरांना जोडधंदा मिळाला आहे. जवळच भादलवाडीच्या तलावात, आणि इंदापुरात थेट तहसील कचेरीच्या आवारातल्या झाडांवर, चित्रबलाक घरटी करतात. माणसांच्या वर्दळीत हे मोठे पक्षी पिले वाढवतात, हे बघण्यासारखे आहे.

आमच्या ओळखीच्या एका घराने गेल्या वर्षी अशीच सावड करून उजनीकाठी सहल काढली. घर धरणापासून फार लांब नाही, पण कुणी कधी मुद्दाम गेले नव्हते. सोबत सत्तरी उलटलेल्या आजी होत्या. त्यांचे माहेर धरणात गेलेले. पोरे रोहित पक्षी बघण्यात दंग, आणि आजी मात्र दुसरीकडेच पाण्याकडे बघत उभ्या. मग नातवाला हाक मारून म्हणाल्या, "बाळा, तिकडं फोटू काढ. त्या तिथं आमची विहीर होती, आणि विहिरीवर पळस होता." नातवाने फोटो काढला. फोटोत नुसते पाणी आहे. पण आजींनी त्या दिवशी माहेरची गल्ली, वेस, शेजारपाजार असे सगळे सांगितले. घरातल्या कुणी ते आजवर ऐकले नव्हते, कारण कुणी विचारलेच नव्हते. तो पाण्याचा फोटो आता त्यांच्या ओटीवर लावलेला आहे. त्याच भागात पळसदेव गाव आहे. तिथले जुने दगडी पळसनाथाचे देऊळ उजनीच्या पाण्याखाली गेले, आणि दुष्काळात पाणी फार खाली उतरले की ते पुन्हा उघडे पडते. माणसे त्याचे दर्शन घेतात आणि पावसाची वाट बघतात.

सगळ्यांनी भिगवणलाच जावे असे मुळीच नाही. नाशिककडच्या मंडळींना निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरचा बंधारा जवळ आहे. रामसर यादीत जागा मिळालेली ती महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी १९८० सालापासून अभयारण्य आहे, आणि बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वरला चिंकारा दिसतो. बीडकडे नायगावला मोर. विदर्भातल्या मंडळींनी तर पहाटे मोहाखाली जाऊन नुसते उभे राहावे. टपटप पडणारी फुले आणि तो गोड वास, यासाठी कुणाला तिकीट काढावे लागत नाही. वेंगुर्ले-सावंतवाडीकडे याच दिवसांत सुरंगीचे वळेसर दरवळतात. आणि हे काहीच जमले नाही, तर गावाची देवराई, ओढ्याकाठची आमराई, जवळचा पाझर तलाव तरी कुठे गेला आहे? बैलगाडीच्या टप्प्यातही वसंत पुरेसा असतो.

खिशातला कॅमेरा

पूर्वी फोटो म्हणजे तालुक्याच्या स्टुडिओत जाऊन, ताठ बसून, आयुष्यात दोनदा काढायची गोष्ट. आज बहुतेक घरांत मोबाईल आहे आणि मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. तो फक्त स्वतःच्या तोंडाकडे धरण्यासाठी नाही. थोड्या युक्त्या सांगतो. पोरांना वाचून दाखवा.

पहिली गोष्ट, काच पुसा. शेतात वावरणाऱ्या फोनच्या काचेवर धूळ नि घाम बसतो आणि फोटो धुरकट येतो. मऊ सुती कापडाने हळूच पुसावी. दुसरी, वेळ साधा. सूर्य उगवल्यापासून दोन तास आणि मावळण्याआधीचे दोन तास ऊन तिरपे नि सोनेरी असते. भर दुपारी काढलेला फोटो भाजल्यासारखा दिसतो. तिसरी, ऊन आपल्या पाठीशी किंवा बाजूला असू द्या. पालवीचा फोटो मात्र उलट्या बाजूने, ऊन पानांच्या मागे ठेवून काढून पाहा. पानांच्या शिरा दिव्यासारख्या उजळतात.

चौथी, फोटो मोठा करायला बोटे ताणू नका. चार पावले पुढे जा. बोटांनी ताणलेला फोटो फाटल्यासारखा दिसतो. पाचवी, फुलाच्या उंचीला या. गवतफुलाचा फोटो काढायचा तर गुडघ्यावर बसावे. सहावी, दोन्ही कोपरे छातीशी टेकवा, श्वास रोखा आणि वाऱ्याची झुळूक थांबली की बटण दाबा. पडद्यावर ज्या जागी बोट टेकवाल तीच जागा स्वच्छ येते, म्हणून फुलावर बोट टेकवून मगच फोटो घ्या. पाखरांसाठी साध्या फोनचा उपयोग बेताचाच. लांबची पाखरे डोळ्यांनी बघावीत आणि झाडे, फुले, माणसे यांचे फोटो काढावेत.

आता यातले एक काम मी तुमच्याकडून हक्काने मागतो. बांधावरचे किंवा पाणंदीतले एक झाड ठरवा. पळस, आंबा, लिंब, काहीही. दर वर्षी त्याच जागी उभे राहून त्याचा फोटो काढा. पहिले फूल दिसल्यावर एक, पुरे फुलल्यावर एक, नवी पाने आल्यावर एक. सोबत वहीत तारीख टिपा. तारीख इंग्रजी महिन्याची लिहा, कारण पाडवा कधी मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो, तर कधी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत जातो. तिथीवरून दोन वर्षांची तुलना नीट होत नाही. पाच-सात वर्षांनी ती वही उघडाल, तेव्हा आपल्या रानातला मोहोर लवकर येऊ लागला की उशिरा, हे तुमचे तुम्हालाच दिसेल. थंडी-पावसाचे गणित बदलत असताना अशी घरची नोंद सोन्याच्या मोलाची ठरते. हे काम सातवी-आठवीतल्या मुलीकडे सोपवा. ती चुकायची नाही.

आणि फोटोचा हात बसला, की त्याचा पिकालाही उपयोग. पानावर डाग दिसला तर आख्ख्या झाडाचा एक, पानाच्या वरच्या बाजूचा एक आणि खालच्या बाजूचा एक असे तीन फोटो स्वच्छ उजेडात काढून जाणकाराला दाखवा. निम्मे निदान तिथेच होते, आणि दुकानदार देईल ते औषध मारण्याची वेळ येत नाही.

चार गोष्टी जपून

वसंताचे ऊन गोड नसते. पहाटे निघा, अकराच्या आत सावली गाठा. पाणी भरपूर घ्या. त्यात चिमूटभर मीठ नि साखर असली तर उत्तम. म्हाताऱ्यांना नि लेकरांना डोक्याला ओले फडके बांधा.

याच दिवसांत मोहोळे भरलेली असतात. उंच झाडाला किंवा कड्याला आग्या मोहोळ लोंबताना दिसले तर खाली चूल पेटवू नका, दगड मारू नका, आरडाओरडा करू नका. माशा उठल्याच, तर अंग झाकून तिथून लांब पळा. बाकी मधमाशी आपली वैरीण नाही. बियाण्याच्या कांद्याचे पांढरे गोंडे असोत की सूर्यफूल, माशा फिरल्या तरच दाणा भरतो.

बोटीत बसाल तर अंगात तरंगते जाकीट घातल्याशिवाय बसू नका, आणि सकाळचीच वेळ साधा. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी अशी माणसे नेणारी बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा जणांचे प्राण गेले. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा केव्हा उठेल याचा नेम नसतो. आभाळ भरून आले असेल तर बोटीचा हट्ट सोडा. पक्षी काठावरूनही दिसतात. बोटवाल्याला "अजून जवळ घे" असेही म्हणू नका. थवा उठवून मिळणाऱ्या फोटोपायी त्या पाखरांचे खाणे मोडते. घरट्याजवळ तर जाऊच नये. माणूस घुटमळला की आई-बाप पक्षी घरटे सोडतात, आणि अंडी उन्हात भाजतात.

बघितलेले झाड तोडवत नाही

शेवटी मुद्द्याचे बोलतो. गेली काही वर्षे मी शिवारात फिरताना बघतो, बांध अरुंद होत चालले आहेत. यंत्राने रान सरळ करताना बांधावरचा पळस, सावर, पांगारा एका तासात उपटून बाजूला पडतो. "सावली पडते, पीक मारते" एवढे कारण पुरते. जे झाड राहते त्याला चैत्रात बांध पेटवताना आच लागते. जाळल्यावर गवत जोमाने येते असा आपला समज. पण त्या आगीत जमिनीवर पडलेला पालापाचोळा जातो, कोवळी रोपे जातात, तितराची, टिटवीची, चंडोलाची जमिनीवरची अंडी जातात, आणि उघडी झालेली माती पहिल्या वळवाच्या पावसाबरोबर ओढ्याला लागते. डोंगराला वणवा लागला तर गावाची वैरणही जाते.

पळसाला पाने तीनच, अशी आपली म्हण आहे. पण त्या तीन पानांनी किती दिले ते मोजा. पत्रावळी-द्रोण दिले, रंगपंचमीचा केशरी रंग दिला, मुळ्यांच्या वाखाचे दोर दिले, लाखेच्या किड्याला घर दिले. बांधावरच्या झाडावर बसणारा कोतवाल हरभऱ्यातली घाटेअळी टिपतो. हरभऱ्यात पक्षीथांबे लावा, असे आम्ही कृषी खात्याची माणसे सांगत असतो. बांधावरचे झाड म्हणजे आयता, मुळांसकट रोवलेला पक्षीथांबाच.

पण हा हिशेब मी वर्षानुवर्षे सांगतो आहे आणि झाडे पडतच आहेत. माझा अनुभव वेगळेच सांगतो. ज्या झाडाखाली घरच्यांनी मिळून भाकरी खाल्ली आहे, ज्याचा फोटो लेकीने काढून भिंतीला लावला आहे, त्या झाडावर कुऱ्हाड चालवायला हात उचलत नाही. धरणाच्या पाण्यापुढे आजींच्या विहिरीवरच्या पळसाचा काही इलाज नव्हता. आपल्या बांधावरच्या पळसाचे मात्र अजून आपल्या हातात आहे.

तेव्हा शेजाऱ्याशी आजच बोला, सावड ठरवा, दिवस नक्की करा. तुमच्या गावाजवळ वसंतात पाहण्यासारखी कोणती जागा आहे, ते पोस्टकार्डावर चार ओळीत या सदराच्या नावे कळवा, म्हणजे इतरांनाही सांगता येईल. पत्र घरच्या लक्ष्मीने किंवा मुलीने लिहिलेले असेल, तर ते मी आधी वाचीन.

पुढच्या खेपेला उन्हाळी नांगरट आणि माती परीक्षणाचा नमुना घेण्याची रीत यांविषयी बोलू. तोवर रामराम.